आधी करा, अर्थ मागून येईल: ज्यू परंपरेची रोजच्या जगण्यात सुरुवात करू पाहणाऱ्यांसाठी

ज्यू धर्माकडे नव्यानं वळणारा माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो, "वाचायला सुरुवात कुठून करू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. वाचन पुढच्या महिन्यात. या शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत घरात दोन दिवे लावा, फोन कपाटात ठेवा आणि घरच्यांबरोबर सावकाश जेवा. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच करा. वाचायची ओढ त्यानंतर आपोआप लागते, आणि वाचलेलं तेव्हा कुठे चिकटतं.

हा क्रम माझ्या पदरचा नाही. सीनाय पर्वतापाशी इस्राएल लोकांनी देवाला दिलेलं उत्तर तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, आहे: "नआसे वनिश्मा", आम्ही करू आणि ऐकू. करणं आधी, ऐकणं आणि उमजणं त्यामागून. कोकणात आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इथले मराठी बोलणारे ज्यू, तर शतकानुशतकं याच क्रमावर टिकलो. आमची परंपरा सांगते की पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यालगत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढे पोथी नाही, गुरू नाही, हिब्रू बोलणारं कुणी नाही. मागे राहिल्या त्या मोजक्या कृती. शनिवारी तेलाचा घाणा बंद, म्हणून गावानं नाव दिलं "शनवार तेली". मुलाची सुंता आठव्या दिवशी. पंख आणि खवले नसलेला मासा चुलीवर चढणार नाही. आणि जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगी एक वाक्य, शेमा: "ऐक, हे इस्राएला, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एकच आहे." डेव्हिड राहाबी नावाचा ज्यू गुरू कोकणात आला तेव्हा त्यानं बायकांपुढे नाना तऱ्हेचे मासे ठेवले आणि त्यांनी पंख-खवले नसलेले मासे बाजूला काढले, त्यावरून त्याला आपली माणसं ओळखू आली, अशी कथा आमच्याकडे सांगतात. अर्थ विचारला असता तर त्या बायकांना कदाचित सांगता आला नसता. पण त्यांनी करत राहणं सोडलं नाही, म्हणून आज आम्ही आहोत.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, आमच्याच घरांतली तरुण मुलं, ज्यांना सण माहीत आहेत पण त्यांचा धागा हाती नाही. दुसरे, ज्यू नसलेले पण मनापासून जाणून घेऊ पाहणारे मराठी वाचक. दुसऱ्यांना आधीच सांगते: ज्यू धर्म कुणाला आपल्यात या असं सांगत फिरत नाही. तेफिलीन (तोरातली वचनं ठेवलेल्या चामड्याच्या डब्या) दंडाला आणि कपाळाला बांधणं, शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, सगळ्या नियमांसह पाळणं ही ज्यू माणसावरची बांधिलकी आहे, तिची नक्कल करायची गरज नाही. पण आभार मानणं, थांबणं, माफी मागणं, जिभेवर ताबा ठेवणं यांना कुणाची मनाई नाही. त्या पायऱ्या तुमच्याही आहेत.

पहिली पायरी: घास तोंडात जाण्याआधीचा एक क्षण

ज्यू दिवस सुरू होतो तो "मोदे आनी"नं. डोळे उघडताच, अंथरुणातच, देवाचे आभार: माझा आत्मा तू मला परत दिलास. बायका "मोदा आनी" म्हणतात. वाक्य इतकं छोटं आहे की पाठ व्हायला सकाळ पुरते. त्यानंतर दिवसभर "बराखा", म्हणजे लहान लहान आशीर्वचनं. दिवसाला शंभर बराखा म्हणाव्यात असं तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) चर्चांच्या जुन्या ग्रंथात, रब्बी मेईर यांच्या नावे सांगितलं आहे. शंभराच्या आकड्यानं दचकू नका, एकापासून सुरू करा.

भाकर, पोळी, पाव खाण्यापूर्वी हात धुवून म्हणतात ती "हमोत्सी": हे परमेश्वरा, आमच्या देवा, विश्वाच्या राजा, तू धन्य आहेस, तू जमिनीतून भाकर काढतोस. झाडाच्या फळाला वेगळी बराखा, जमिनीच्या पिकाला वेगळी. आंबा झाडाचा. केळं मात्र जमिनीचं, कारण केळीचा बुंधा घड दिला की मरतो आणि नवा कोंब कंदातून येतो. म्हणजे केळं सोलण्याआधी ते कसं वाढतं हे क्षणभर आठवावं लागतं. मला या परंपरेतलं सगळ्यात जवळचं काही वाटत असेल तर ते हे. देवाचं नाव घ्यायचं तर आधी हातातल्या वस्तूकडे नीट पाहावं लागतं.

आणखीही आहेत. वीज चमकली की एक, गडगडाट ऐकला की एक, इंद्रधनुष्य दिसलं की एक, सुवासिक फूल हुंगताना एक. शौचाहून आल्यावरही एक आहे: शरीरातली द्वारं आणि पोकळ्या वेळच्या वेळी उघडतात, मिटतात, नाहीतर माणूस देवापुढे उभाही राहू शकला नसता, याबद्दल आभार. ज्याच्या घरात मूत्रपिंडाचा किंवा आतड्याचा आजारी आहे त्याला ही बराखा कुणी समजावून सांगावी लागत नाही. आणि मोसमातलं पहिलं फळ खाताना "शेहेखेयानू": तू आम्हांला जिवंत ठेवलंस, सांभाळलंस आणि या वेळेपर्यंत आणलंस. पहिला हापूस कापताना घरातल्या सगळ्यांना गोळा करा आणि हे म्हणा. गेल्या मोसमात टेबलाशी कोण होतं, यंदा कोण आहे, हे त्या एका मिनिटात लक्षात येतं.

करायचं काय? पहिला आठवडा फक्त हमोत्सी, दिवसातून एकदा. हिब्रू येत नसेल तर मराठीत म्हणा. आभार कोणत्याही भाषेत चालतात. दुसऱ्या आठवड्यात फळाची बराखा जोडा. पाठांतराची घाई नको, पण म्हणायचं राहिलं तर घास हातात ठेवून थांबायची सवय लावा.

दुसरी पायरी: शब्बाथ

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. सण वर्षातून एकदा येतात. शब्बाथ दर आठवड्याला येतो, आणि दहा आज्ञांमध्ये स्थान आहे ते त्याला.

ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून शब्बाथ शुक्रवारी संध्याकाळी येतो आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की संपतो. दिवे सूर्यास्ताच्या साधारण 18 मिनिटं आधी लावायचे. मुंबई-ठाण्यात जूनअखेर सूर्य सव्वासातनंतर मावळतो, डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास. म्हणजे थंडीत ऑफिसातून लवकर निघण्याची सोय आधीच करून ठेवावी लागते. ही अडचण खरी आहे आणि नव्या माणसाला तीच सगळ्यात जड जाते. साहेबाशी एकदा स्पष्ट बोला, दुसऱ्या दिवशीचं काम अंगावर घ्या. आमच्या आधीच्या पिढ्यांनी गिरण्या, रेल्वे, पलटणी आणि सरकारी कचेऱ्यांत नोकऱ्या करताना अशाच वाटा काढल्या.

तयारी शुक्रवारी सकाळीच सुरू होते. स्वयंपाक आधी उरकायचा, कारण शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही. निषिद्ध कामांचे 39 मूळ प्रकार ऋषीतुल्य रब्बींनी मोजून ठेवले आहेत: पेरणं, कापणी, दळणं, विणणं, लिहिणं, पेटवणं, विझवणं, ओझं वाहून नेणं असे. निवासमंडप, म्हणजे वाळवंटातला देवाच्या उपासनेचा तंबू, बांधायला जी कामं लागली त्यांवरून ही यादी निघाली. यात धागा असा की जगावर आपली सत्ता चालवणारी, काही घडवणारी कामं एक दिवस खाली ठेवायची. घामाशी त्याचा संबंध नाही. जड खुर्ची घरातल्या घरात सरकवली तर चालते, एक अक्षर लिहिलं तर चालत नाही. मात्र कुणाचा जीव धोक्यात असेल तर शब्बाथ मोडायचा, विचारत बसायचं नाही. रुग्णवाहिका बोलवायची, गाडी चालवायची, औषध आणायचं. तीही धर्माचीच आज्ञा आहे.

नवख्यानं सगळे 39 प्रकार एकदम धरू नयेत. असं करून पाहा.

दिवे लावण्याआधी दानाच्या डब्यात थोडे पैसे टाका. मग दिवे लावा. मेणबत्त्या चालतात, तेलाचे दिवेही चालतात. अनेक घरांत बाई दिव्यांवरून हात फिरवून डोळे झाकते, बराखा म्हणते आणि मनातलं मागणं मागते. त्या क्षणी घाई करू नका. आजारी माणसांची, परगावच्या मुलांची, गेलेल्यांची नावं त्या झाकलेल्या डोळ्यांमागे घ्यायची असतात.

मग मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद: मुलग्यांना एफ्राइम आणि मनश्शेसारखं होण्याचा, मुलींना सारा, रिबका, राहेल आणि लेआसारखं होण्याचा. आठवडाभर मुलाशी अभ्यासावरून वाद झाले असतील, तरी शुक्रवारी हात डोक्यावर जातोच. मोठ्या झालेल्या, उंचीनं आपल्यापुढे गेलेल्या मुलाला वाकायला सांगून दिलेला आशीर्वादही तितकाच खरा.

त्यानंतर किद्दुश, म्हणजे द्राक्षमद्याच्या पेल्यावर म्हणायची शब्बाथची प्रार्थना. जिथे द्राक्षमद्य मिळत नसे तिथे आमच्या आज्या काळ्या मनुका भिजत घालून, कुस्करून, गाळून त्याचं सरबत करत. आजही कित्येक घरांत तेच चालतं आणि मुलांनाही देता येतं. मूठभर मनुका सकाळी पाण्यात टाकल्या की संध्याकाळपर्यंत होतात. दोन भाकरींवर हमोत्सी म्हणायची. दोन अशासाठी की वाळवंटात इस्राएल लोकांना मन्ना, म्हणजे देवानं दिलेलं अन्न, शुक्रवारी दुप्पट मिळत असे. आणि मग जेवण, गाणी, गप्पा. टीव्ही नाही.

शनिवारी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळात, जमलं तर जा. नाही जमलं तर त्या आठवड्याचा तोराचा भाग, "पाराशा", मराठीत किंवा येईल त्या भाषेत वाचा. वर्षभरात तोरा पुरी होईल अशी वाटणी ठरलेली असते आणि जगभरची सिनेगॉग जवळपास त्याच तालावर चालतात. एक वाक्य घ्या आणि जेवताना त्याच्यावर भांडा. आमच्यात प्रश्न विचारणं ही भक्तीच धरतात.

रात्री तारे दिसले की हवदाला: द्राक्षरस, सुवासिक मसाला आणि अनेक वातींची एकत्र वळलेली मेणबत्ती. मसाल्याला आपली लवंग, वेलची, दालचिनी उत्तम. उजेडात हाताची बोटं पाहायची, मसाला हुंगायचा, आणि मग आठवडा सुरू.

सुरुवातीला पूर्ण दिवस जमत नाही म्हणून सोडून देऊ नका. शुक्रवारचं जेवण धरा. ते पक्कं झालं की फोन रात्रभर बंद. तेही जमलं की शनिवारची दुपार. पण जे धराल ते दर आठवड्याला, पाहुणे असोत वा परीक्षा असो.

तिसरी पायरी: स्वयंपाकघर, खिसा आणि जीभ

कोशेर, म्हणजे धर्माच्या आहारनियमांत बसणारं, म्हटलं की लोक नियमांचा डोंगर समजतात. कोकणी घराला तो तितका उंच नाही. डुकराचं मांस नाही. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या नाहीत. पापलेटसारखा पंख-खवल्यांचा मासा चालतो. मांस आणि दूध एका जेवणात नाही, म्हणून मटणाच्या रश्शाला दही लावायचं नाही, तिथे नारळाचं दूध येतं, आणि खरं सांगायचं तर चवीला ते कुठे कमी पडत नाही. मटणानंतर चहा काळा. किती वेळ थांबायचं याच्या रीती समाजागणिक निराळ्या आहेत, आपल्या घरची विचारून घ्या. मांस कोशेर हवं तर शोखेतनं, म्हणजे धर्मरीतीनं जनावर कापणाऱ्यानं, कापलेलं हवं. ते मिळत नसेल त्या गावात आमची कित्येक कुटुंबं सरळ शाकाहारी जेवतात. नवख्यानं पहिल्यांदा कवचाचे मासे आणि डुक्कर सोडावं, मग दूध-मांस वेगळं करावं. भांडी वेगळी करणं त्यानंतर.

खिशाचं नाव "त्झेदाका". मिळकतीचा दहावा हिस्सा ही जुनी मोजणी. मायमोनिडीस या बाराव्या शतकातल्या गुरूनं दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. सगळ्यात खालची म्हणजे कुरकुरत देणं, सगळ्यात वरची म्हणजे समोरच्याला काम, भागीदारी किंवा उसने पैसे देऊन असं उभं करणं की त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये. मधल्या पायऱ्यांवर देणाऱ्या-घेणाऱ्याला एकमेकांची नावं कळू नयेत याची काळजी आहे. आणि एक नियम मला फार मोलाचा वाटतो: जो स्वतः दानावर जगतो त्यानंही थोडं दिलंच पाहिजे. देण्याचा मान गरिबाकडून काढून घ्यायचा नाही.

जिभेचं सगळ्यात अवघड. "लशोन हारा" म्हणजे दुसऱ्याबद्दल वाईट बोलणं, आणि ते खरं असलं तरी मना आहे. फसवणूक टाळायला एखाद्याला सावध करणं वेगळं. तिथे बोलावंच लागतं. बाकी सोसायटीच्या ग्रुपवर, लग्नाच्या पंगतीत, ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर गैरहजर माणसाची उलटतपासणी नको. दिवसातला एक तास ठरवा, दुपारच्या जेवणाचा धरा, आणि त्या तासात कुणा तिसऱ्याबद्दल बोलायचं नाही. पहिल्या दिवशी गप्पांना विषयच उरत नाही. मग हळूहळू समोर बसलेल्या माणसाबद्दल विचारपूस सुरू होते.

चौथी पायरी: वर्षाचं चाक

"पहिला सण कोणता करू?" जो पुढे येतोय तो. ज्यू पंचांग चांद्रमासांचं, पण ऋतूंना धरून चालणारं आहे. 19 वर्षांत 7 वेळा अदार महिना दोनदा येतो, म्हणजे अधिक मासच. त्यामुळे मराठी माणसाला तारखा लक्षात ठेवणं सोपं. 2025 मध्ये घटस्थापना 22 सप्टेंबरला होती आणि त्याच संध्याकाळी रोश हशाना, ज्यू नववर्ष, सुरू झालं. सुकोथची पहिली रात्र म्हणजे कोजागिरी, 6 ऑक्टोबर. पुरीम होळीच्या आसपास, पेसाह चैत्र पौर्णिमेच्या. दोन्ही पंचांगांचे अधिक महिने नेहमी जुळत नाहीत, तेव्हा महिन्याचा फरक पडतो. 2026 मध्ये नववर्ष 11 सप्टेंबरच्या संध्याकाळी, गणेश चतुर्थीच्या तीन दिवस आधी.

आमच्या जुन्या पिढीनं सणांना मराठी नावं दिली होती: रोश हशाना "नव्याचा सण", पुरीम "होळीचा सण", तिशा बआव "बिरड्याचा सण", योम किप्पूर "दारफाळणीचा सण". आजीच्या तोंडी ही नावं अजून असतील तर लिहून ठेवा.

नववर्षाची तयारी महिनाभर आधी, एलूल महिन्यात सुरू होते, आणि खरं काम याच महिन्यात आहे. याला "हेश्बोन नेफेश" म्हणतात, मनाचा जमाखर्च. एक वही घ्या. गेल्या वर्षात कुणाला दुखावलं, कुणाचे पैसे राहिले, कुणाला दिलेला शब्द मोडला, नावानिशी लिहा. कारण मिश्ना, रब्बींच्या शिकवणीचा जुना संग्रह, स्पष्ट सांगते: माणूस आणि देव यांच्यामधल्या चुका योम किप्पूर पुसतो, माणूस आणि माणूस यांच्यामधल्या चुका, समोरच्याची समजूत घातल्याशिवाय, पुसत नाही. देवळात कितीही उभे राहा, भावाशी अबोला असेल तर तो भावाच्याच दारात सुटणार.

माफी कशी मागायची याची रीतही आहे. शक्य तर समोर जा, नाहीतर फोन करा; पन्नास जणांना एकच संदेश पुढे ढकलू नका. काय केलं ते नेमकं बोला. "पण तूही" असं पुढे जोडू नका. पैसे असतील तर आधी परत करा. समोरचा नाही म्हणाला तर पुन्हा जा, तीनदा जा. तो माणूस वारला असेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीशी जाऊन कबुली द्यायची, असं मायमोनिडीसनं लिहून ठेवलं आहे. आणि पश्चात्ताप पुरा झाला हे कळायचं कसं? तोच प्रसंग, तीच संधी पुन्हा समोर आली आणि या वेळी तुम्ही ते केलं नाहीत, तर झाला.

रोश हशानाला शोफार, मेंढ्याचं शिंग, फुंकतात. सफरचंद आणि मध. बेने इस्राएल घरात चिकचा हलवा: गहू भिजवून, वाटून, चीक काढून, नारळाच्या दुधात साखर घालून मंद आचेवर घाटायचा, कडा सोडू लागला की ताटात थापून वड्या पाडायच्या. हात भरून येतात, म्हणून घरातले सगळे आळीपाळीनं ढवळतात. नारळाचं दूध असल्यानं तो मटणाच्या जेवणानंतरही खाता येतो. हल्ली बरेच जण चायना ग्रास वापरून लवकर उरकतात. वर्षातून एकदा तरी गव्हाचाच करा.

दहाव्या दिवशी योम किप्पूर. सुमारे 25 तास अन्नपाणी नाही, चामड्याची चप्पल नाही, पांढरे कपडे. आजाऱ्यानं, गरोदर बाईनं डॉक्टर आणि जाणत्या माणसाला विचारून ठरवावं; लहान मुलांना उपास नाही. पूर्वी कोकणात या दिवशी आमची माणसं दारं लावून घरात बसत. दिवसाची शेवटची प्रार्थना "नइला", फाटकं मिटण्याच्या वेळेची. जायला एकच वेळ मिळणार असेल तर ही निवडा. दिवसभराच्या उपाशी आवाजांत शेमा उठतो आणि शोफारचा एक लांब सूर येतो. दुसरा दिवस आमच्याकडे "शिळा सण", दानधर्माचा आणि भेटीगाठींचा.

पाचच दिवसांनी सुकोथ. पक्क्या घरातून निघून सात दिवस मांडवात जेवायचं. छप्पर झाडापाल्याचं हवं आणि रात्री त्यातून तारे दिसायला हवेत. आपल्याकडे नारळाच्या झावळ्या, आतून टांगलेली फळं. फ्लॅटमध्ये सोय नसेल तर सिनेगॉगच्या अंगणातल्या मांडवात जाऊन एक तरी जेवण करा. परतीचा पाऊस जेवणात पडू लागला तर आत जायला मुभा आहे.

हनुक्काचे आठ दिवे मुलं आपसूक शिकवतात. हिल्लेल आणि शम्माय या दोन जुन्या गुरूंच्या शाळांत वाद होता: आठापासून उतरत यायचं की एकापासून चढत जायचं. हिल्लेलच्या शाळेचं मत टिकलं. रोज एक दिवा वाढतो. खिडकीत ठेवा आणि त्या उजेडात काम करू नका, फक्त पाहा. पुरीमला एस्तेरची कहाणी ऐकायची, शेजाऱ्याकडे खाण्याचं ताट पाठवायचं आणि निदान दोन गरजूंना दान द्यायचं; पुरणपोळी आमची भर. शावुओथच्या, म्हणजे तोरा मिळाल्याच्या सणाच्या, रात्री जागून तोरा वाचतात. तिशा बआवला, इसवी सन 70 मध्ये रोमनांनी पाडलेल्या आणि त्याआधी बाबिलोनी फौजेनं जाळलेल्या मंदिरांचा शोक करत, जमिनीवर बसून विलापगीत ऐकतात.

पेसाहपाशी, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटल्याच्या सणापाशी, मात्र जरा थांबू. आठवडाभर घरात खमीर नको, म्हणून आधी कानाकोपरा झाडून काढायचा. आदल्या रात्री मेणबत्ती घेऊन मुलांसह पावाचा शेवटचा चुरा शोधायचा. सेदेरच्या, म्हणजे पेसाहच्या विधिवत जेवणाच्या, रात्री घरातलं सगळ्यात लहान मूल चार प्रश्न विचारतं, ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का, आणि मोठ्यांनी त्या सुटकेची गोष्ट सांगायची असते. ताटात माझ्झा (बिनखमिराची भाकर), गुलामीची आठवण देणारी कडू पालेभाजी, विटांच्या चिखलाची आठवण देणारं खजुराचं गोड हारोसेथ. मिसरावर आलेल्या दहा आपत्तींची नावं घेताना द्राक्षरसाचे थेंब बाजूला काढायचे; शत्रूच्या दुःखावर आपला प्याला पूर्ण भरलेला नको, असा त्याचा अर्थ सांगतात. आणि प्रत्येक पिढीतल्या प्रत्येकानं असं मानायचं की मिसरातून मी स्वतः सुटलो. सेदेरला वाचायचं हे पुस्तक, हगादा, मराठीतही आहे: मुंबईत 1846 मध्ये आणि पुण्यात 1874 मध्ये हिब्रू-मराठी आवृत्त्या छापल्या गेल्या, आणि पुण्याच्या प्रतीत माझ्झा लाटणाऱ्या बायका आपल्याकडच्या वेशात जमिनीवर बसलेल्या दाखवल्या आहेत. तुम्ही सेदेर करणार असाल तर गोष्ट मराठीत सांगा. मुलाला कळलं नाही तर रात्रीचं कामच राहिलं. आणि सुरुवातीलाच म्हटलं जातं की जो भुकेला आहे त्यानं यावं आणि जेवावं, तेव्हा एक पान खरंच जास्तीचं वाढा, एकट्या राहणाऱ्या कुणाला तरी बोलवा.

पाचवी पायरी: आपल्या घरचे प्रसंग

सणांखेरीज आयुष्यात नोकरी लागते, मूल परीक्षेत पास होतं, आजारी माणूस उठून बसतं, नवीन घर होतं. अशा वेळी बेने इस्राएल "मलिदा" करतात. जगातल्या इतर ज्यूंमध्ये ही रीत नाही. ती कोकणातली आहे आणि एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या नावानं होते. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा आहेत अशी आमची श्रद्धा आहे आणि लोक तिथे नवस फेडायला जातात.

करायला सोपं. पोहे भिजवून निथळा, गूळ किंवा साखर, खवलेलं ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा मिसळा. मोठ्या ताटात त्याचा ढीग, भोवती फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या. खजूर झाडाच्या फळासाठी, केळं जमिनीच्या फळासाठी. पहिल्या पायरीवर शिकलेल्या बराखा इथे कामाला येतात. एलियाहू हन्नाबीचं गीत गातात, आशीर्वाद म्हणतात आणि प्रत्येकाच्या हातावर वाटा जातो. आनंद झाला की आधी त्याचे आभार आणि मग तो वाटून खाणं, एवढंच यात आहे. शेजाऱ्यांना बोलवा.

सिनेगॉगमध्ये पहिल्यांदा जाताना

मुंबईत 1796 पासूनचं शाआर हारहमीम, भायखळ्याचं मागेन डेव्हिड, फोर्टमधलं निळं केनेसेथ एलियाहू, ठाण्याचं शाआर हाशमायीम, पनवेल आणि रेवदंड्याची बेथ एल, अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन आबोथ, पुण्याचं "लाल देऊळ" ओहेल डेव्हिड. जाण्याआधी कळवा आणि ओळखपत्र बरोबर ठेवा. सुरक्षेची तपासणी असते, तिचं वाईट वाटून घेऊ नका. शब्बाथला आणि सणांना आत फोन किंवा कॅमेरा काढायचा नाही. पुरुषांनी डोकं झाकायचं. टोपी नसेल तर दारापाशी मिळते. कपडे साधे, अंगभर. स्त्रिया आणि पुरुष वेगळे बसतात, काही ठिकाणी स्त्रियांसाठी वर सज्जा असतो. काही ठिकाणी दहा पुरुष जमेपर्यंत प्रार्थना थांबते. समाजातले बहुतेक 1948 नंतर इस्राएलला गेले असल्यानं ही वाट पाहणं नेहमीचं झालं आहे. तुम्ही समाजातले असाल तर या कारणासाठी तरी जा, तुमच्या येण्यानं कुणाचं तरी कद्दीश, म्हणजे आईवडिलांच्या नावानं म्हणायची प्रार्थना, होऊ शकते.

पेटीतून सेफर तोरा, म्हणजे तोराची हस्तलिखित गुंडाळी, बाहेर काढली की सगळे उभे राहतात, तुम्हीही राहा. आपल्याला पान सापडलं नाही तर शेजारच्याला दाखवायला सांगा, आनंदानं दाखवतील. प्रार्थनेच्या अखेरीस लोक एकमेकांच्या हातांना हात लावून आपली बोटं ओठांना लावतात. कुणी हात पुढे केला तर तुम्हीही करा. मग मनुकांच्या सरबताचे पेले फिरतील. लगेच पिऊ नका. बराखा पुरी होऊ द्या, "आमेन" म्हणा आणि मग घ्या.